ऊसही गवतच आहे

श्रोतेहो, नमस्कार. ज्या उसावर कोल्हापूर जिल्ह्याचा संसार चालतो, तो ऊस वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवताच्याच कुळातला आहे. तरीही बांधावरच्या गवताला आपण तण म्हणतो आणि तोडणी झाली की उसाचे पाचट, म्हणजे वाळलेला पाला, पेटवून देतो.

गवतावर आधारलेल्या सेंद्रिय शेतीचा हिशेब साधा आहे. माणसाला न पचणारे गवत रवंथ करणारे जनावर पोटातल्या जिवाणूंच्या मदतीने पचवते, त्याचे शेण-मूत्र त्याच रानात पडते आणि गवताची दाट तंतुमुळे माती धरून ठेवतात. मात्र चरलेल्या कुरणाला पुन्हा फुटायला सवड हवी. ती मिळाली नाही, तर आपल्या गायरानांसारखी उघडी माती उरते.

औद्योगिक शेतीने हे चक्र तोडले. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असते, 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20.7 किलो, पण ते बनते मुख्यतः नैसर्गिक वायूच्या आधाराने, आणि टाकलेल्या नत्रातला काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो, तर काही नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या शिरोळ तालुक्याकडे अतिपाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे क्षारपड झालेल्या जमिनी आपण पाहतोच. गोठ्यातही तीच तऱ्हा आहे: तोडणीच्या हंगामात म्हशीपुढे केवळ वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकले, तर त्यातले ऑक्झालेट तिच्या आहारातला कॅल्शियम बांधून ठेवते.

एकदम सगळी खते बंद करा, असे मी म्हणणार नाही. तसे केल्यास उसाचा एकरी उतारा घसरतो आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. सुरुवात पाचटापासून करता येते. हेक्टरी साधारण 8 ते 10 टन मिळणाऱ्या या पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र कमी असते, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू आधी मातीतलेच नत्र ओढून घेतात, खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडतो आणि शेतकरी घाबरून पुन्हा काडी लावतो. म्हणून पाचटावर शेणाची स्लरी आणि कुजवणारे जिवाणू संवर्धक सोडावे. थोडा युरिया टाकला तरी चालते, मात्र कट्टर सेंद्रियवाल्यांना ते खपणार नाही आणि प्रमाणित सेंद्रिय शेतीतही ते बसत नाही. शिवाय एकाआड एक सरीत पाचट ठेवले, की पाणी द्यायला उरलेल्या सऱ्या मोकळ्या राहतात.