विरघळतं, पण कशात?

[दृश्य: काळी पार्श्वभूमी, एक परीक्षानळी. वरून थेंब येतो.]

हा थेंब सिल्व्हर नायट्रेटचा. खाली साध्या मिठाचं पाणी. दोन्ही नितळ. आता नळीकडे बघा.

[निवेदन थांबेल. थेंब पडू द्यावा.]

आधी पांढरं धुकं, मग गुठळ्या. दही लागावं तसा साका. हे सिल्व्हर क्लोराइड. क्षणापूर्वी चांदीचे आणि क्लोरीनचे आयन पाण्यात सुटे फिरत होते. एकमेकांची गाठ पडली आणि दोघांनीही पाण्याची साथ सोडली.

पाठ्यपुस्तकात याच्यापुढे एकच शब्द असतो, ‘अविद्राव्य’. परीक्षेपुरता तो ठीक आहे. पण 25 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जवळपास 2 मिलिग्रॅम सिल्व्हर क्लोराइड विरघळतंच. ब्रोमाइड त्याच्याहून चिवट, 0.14 मिलिग्रॅमच्या आसपास. आणि पिवळं आयोडाइड? तिथे मिलिग्रॅमची भाषाच सोडून द्यावी लागते. जेमतेम 2 मायक्रोग्रॅम, म्हणजे क्लोराइडच्या जवळजवळ हजारावा हिस्सा.

याच घराण्यातलं सिल्व्हर फ्लुओराइड मात्र लिटरभर पाण्यात दीड किलोहून जास्त जिरतं. त्याचं चित्रण आपण केलेलं नाही. नितळ पाण्यात नितळ पाणी दाखवून काय साधणार?

एकाच घरात एवढी तफावत का? फ्लुओराइडचा आयन लहानखुरा, आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून बसणारा. पाण्याचे रेणू त्याला चटकन वेढून घेतात. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड असं खाली उतरत जावं तसा आयन मोठा होतो, सैल होतो. त्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग चांदी स्वतःकडे ओढते. मग बंध नुसता धन-ऋण ओढीचा राहत नाही, त्यात भागीदारी येते. अशी जोडी फोडणं पाण्याच्या आवाक्याबाहेरचं.

[दृश्य: चंचुपात्र, एकसलग चित्रण. मध्ये कुठेही कट नाही.]

पाण्याच्या आवाक्याबाहेरचं, पण सगळ्यांच्या नाही. पात्र तेच, चांदीही तीच.

पांढऱ्या साक्यावर अमोनियाचं द्रावण. ढवळलं… निवळलं. चांदीला अमोनियाने आपल्या बाजूला वळवून घेतलं.

आता पोटॅशियम ब्रोमाइड. पुन्हा गढूळ, पण रंग बदललाय. हा मलईसारखा, किंचित पिवळसर. अमोनियाच्या हातून ब्रोमाइडने चांदी हिसकावली.

आता चिमूटभर हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. खड्यांभोवती पाणी कसं मोकळं होत जातंय ते बघा… संपूर्ण नितळ.

पोटॅशियम आयोडाइड. पिवळा! हायपोची पकडही सुटली. हायपो भरपूर असेल तर आयोडाइडसुद्धा हळूहळू विरघळतं. इथे तेवढा घातलेला नाही.

शेवटी सोडियम सल्फाइडचे थेंब. काळंकुट्ट. चांदीच्या सल्फाइडपुढे आयोडाइडही विद्राव्य म्हणावं लागेल. आमच्या टेबलावरच्या बाटल्या इथे संपल्या.

हा प्रयोग केलात तर पात्र तसंच ठेवून जाऊ नका. अमोनिया आणि चांदीचं द्रावण साठवून ठेवलं, तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

[दृश्य: सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद, वर पान. उन्हात कागद काळवंडतो.]

हा काळेपणा म्हणजे धातूरूप चांदी. उजेडाने क्लोराइड फोडलं, चांदी मोकळी झाली. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कार्ल शीलेने 1777 सालीच लिहून ठेवलं होतं की उजेडात काळं पडलेलं अमोनियात विरघळत नाही, पांढरं उरलेलं विरघळतं. चित्र टिकवायची किल्ली त्या एका वाक्यात होती. ती कोणी उचलली नाही.

1802 मध्ये टॉमस वेजवूड आणि हम्फ्री डेव्ही यांनी असेच पानांचे, काचेवरच्या चित्रांचे ठसे घेतले. ठसे उमटले, पण टिकेनात. न वापरलेलं चांदीचं संयुग कागदातच राही, आणि बघायला उजेडात आणलं की तेही काळं. धुऊन बघितलं. पण आकडे आपण ऐकलेत, पाण्याने ते जाणार कसं? ती चित्रं मेणबत्तीच्या उजेडात चोरून बघायची.

मग 1819. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेलला आढळलं की ज्याला तेव्हा हायपोसल्फाइट म्हणत, त्या क्षारात चांदीची ही हट्टी संयुगं सहज विरघळतात. त्याने नोंद केली आणि तो दुसऱ्या कामाला लागला. तब्बल वीस वर्षं ती नोंद पडून राहिली. 1839 च्या जानेवारीत फोटोग्राफीची बातमी कानावर आली, तेव्हा हर्शेलला स्वतःचीच जुनी नोंद आठवली. कागदावर फोटो घेण्याचे प्रयोग करणारा टॅल्बट तोवर मिठाचं तीव्र द्रावण आणि पोटॅशियम आयोडाइड वापरून वेळ मारून नेत होता. हर्शेलने त्याला हायपो दाखवला. रसायनाचं नाव पुढे दुरुस्त होऊन सोडियम थायोसल्फेट झालं, पण डार्करूममधला हायपो हायपोच राहिला.

[दृश्य: डार्करूम. लाल दिवा. ट्रेमध्ये कागद.]

फिल्मवर आणि या कागदावर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे, म्हणजे चांदीच्या याच क्लोराइड-ब्रोमाइड-आयोडाइड घराण्याचे, बारीक स्फटिक रोवलेले असतात. ते पाण्यात विरघळणारे असते, तर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या पहिल्याच बुडीत चित्रासकट वाहून गेले असते. ते जागचे हलत नाहीत म्हणून हा चेहरा असा सावकाश वर येतो.

[निवेदन नाही. चेहरा पूर्ण उमटेपर्यंत दृश्य धरून ठेवावं.]

आता फिक्सर, म्हणजे चित्र टिकवणारं हायपोचं द्रावण. वरून बघितलं तर काहीच घडत नाही, म्हणून नवशिके इथेच घाई करतात. पण आत प्रत्येक न वापरलेला स्फटिक थायोसल्फेटच्या ताब्यात जातोय. ट्रे हलता ठेवायचा. मग भरपूर वाहतं पाणी, कारण कागदात हायपो मागे राहिला, तर काही वर्षांनी तोच चित्रावर डाग पाडतो. त्यात बहुतेक वेळा तोच काळा-तपकिरी सल्फाइड असतो, चंचुपात्राच्या तळाशी बघितलेला.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, ती पाण्यातल्या जिवांना घातक. तो मोरीत ओतायचा नाही, चांदी परत मिळवणाऱ्यांकडे द्यायचा.

[दृश्य: जवळून. फिल्मची छोटी पट्टी, चिमटा, थेंबनळी, घड्याळ.]

फिक्सरमध्ये दम आहे की नाही, हे ओळखायची जुनी रीत. रिळाच्या टोकाचा, न धुतलेला तुकडा घ्यायचा. हे उजेडातच करता येतं. तुकडा दुधाळ, आरपार न दिसणारा. मधोमध फिक्सरचा एक थेंब. अर्धा मिनिट थांबायचं. थेंबाखाली गोल खिडकी उघडते.

आता अख्खी पट्टी बुडवायची आणि घड्याळ सुरू. भोवतीचा दुधाळपणा विरत जातो. ज्या फिल्ममध्ये आयोडाइडचा वाटा जास्त, ती वेळ घेते, आणि फिक्सरही लवकर थकवते. ताज्या फिक्सरला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ लागायला लागला, की तो बदलायचा.

गोल अजून दिसतोय.

पुसट झालाय.

दिसेनासा झाला. 47 सेकंद. याच्या दुप्पट वेळ धरा आणि रीळ आत जाऊ द्या.