लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवताना

श्रोतेहो, नमस्कार.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अपडेट्स बंद झाली आणि घरोघरचे धडधाकट लॅपटॉप अडून बसले. अशा लॅपटॉपवर, आतल्या डिस्कला हात न लावता, पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, चालवून पाहता येतं. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, त्यातला लिनक्स मिंट धरून आपण बोलू. विंडोजची सवय असलेला माणूस त्यात फारसा बावचळत नाही, आणि 4 जीबी रॅमवर ते बऱ्यापैकी चालतं.

पेन ड्राइव्ह 32 जीबीचा आणि यूएसबी 3 चा घ्या. पाकिटावर छापलेला वेग बहुधा एखादी मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र सतत बारीकसारीक तुकडे इकडेतिकडे लिहीत असते, आणि तिथे स्वस्त पेन ड्राइव्ह गुडघे टेकतो. माऊस हलतोय, पण ब्राउझर थिजलाय, असं झालं तर प्रोसेसरला बोल लावू नका. फुटपाथवर ‘2 टीबी’ छापून मिळणारे तर घेऊच नका. ते क्षमताच खोटी सांगतात. खरी जागा भरली की पुढच्या फाइली नावापुरत्या उरतात.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे सगळी सिस्टीम एकत्र बांधलेली फाइल, साधारण 3 जीबीची असते. उतरवल्यावर तिची शा-256 ही फाइलीतल्या मजकुरावरून निघणारी 64 अक्षरांची खूण मिंटच्या साइटवर दिलेल्या खुणेशी ताडून बघा. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग अर्धवट उतरलेल्या फाइलीपायी संध्याकाळ घालवतात.

आता विंडोजमध्ये रूफस उघडा, म्हणजे आयएसओ पेन ड्राइव्हवर चढवणारा छोटा प्रोग्रॅम. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा आधी तो रिकामा करून घ्या. आयएसओ निवडली की ‘पर्सिस्टंट पार्टिशन साइझ’ अशी पट्टी दिसते. ती शून्यावर राहिली, तर मशीन बंद करताच तुमची सेटिंग्ज, फाइली, वायफायचा पासवर्ड सगळं पुसलं जाईल. पट्टी 8 जीबीपर्यंत सरकवा. पुढे रूफस पद्धत विचारेल तेव्हा आयएसओ मोड ठेवा. डीडी मोडमध्ये ही सोय मिळत नाही.

यातली मेख अशी, की मूळ सिस्टीम दाबून भरलेल्या एकाच फाइलीत असते आणि ती फाइल बदलत नाही. तुमचे बदल तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवल्यासारखे वेगळ्या भागात साठतात. म्हणून इथे संपूर्ण सिस्टीम अपडेट करू नका. 8 जीबी बघता बघता भरतात, आणि नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, उतरला तरी मशीन सुरू होताना जुनाच वापरला जातो. रोज वापरायचं असेल तर यूएसबीच्या डबीत बसवलेल्या छोट्या एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, मिंट रीतसर इन्स्टॉल करा, हे माझं स्पष्ट मत. मात्र तेव्हा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताच सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, आतल्या डिस्कवर जाऊ देऊ नका, नाहीतर एसएसडी काढल्यावर विंडोजच सुरू होताना अडेल.

आता मशीन सुरू करू. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ 12, एचपीवर एफ 9, असूसवर एस्केप. चालू करताच ती कळ टकटक दाबत राहा आणि यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. ‘शिम एसबॅट’ असा इंग्रजी संदेश येऊन मशीन बंद पडलं, तर तुमची आयएसओ जुनी आहे, ताजी उतरवा. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त विश्वासातलीच सिस्टीम चालू देणारी सोय, घाईने बंद करू नका. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, असेल, तर विंडोज पुढच्या वेळी 48 अंकी रिकव्हरी की मागेल. आजकाल बऱ्याच लॅपटॉपांवर बिटलॉकर आपल्याला न विचारताच चालू असतं, तेव्हा ती की आधीच कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

विंडोज सुरूच होत नाही आणि फाइली अडकल्यात, तेव्हा हा पेन ड्राइव्ह खरा कामाला येतो. पण डिस्क उघडते आणि तिच्यावर काही लिहिता मात्र येत नाही, असं पुष्कळदा होतं. त्याचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. त्यामुळे शटडाउन म्हटलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्स सावधगिरीने फक्त वाचायची मुभा घेतं. वाचता येतंय ना, मग जबरदस्ती न करता फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. विंडोज चालू असेल, तर शिफ्ट धरून शटडाउन करा.

मिंट वापरून विंडोजमध्ये परतलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर मशीन बिघडलेलं नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय समजतं. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा.

काम संपल्यावर पेन ड्राइव्ह तसाच उपटू नका. शटडाउन करा, तो काढून एंटर दाबा असा संदेश येईल, तेव्हाच काढा. पुढे तो पुन्हा साध्या कामाला हवा असेल, तर विंडोजमध्ये त्याचे दोन-तीन भाग दिसतील आणि एखादा फॉरमॅट करा म्हणून मागे लागेल. ड्राइव्ह खराब झालेला नसतो. रूफसमध्येच ‘नॉन बूटेबल’ निवडून स्टार्ट दाबा, म्हणजे 32 जीबीची सगळी जागा परत मिळते.