पंचवीस डिसेंबरची हजेरी

मंडळी, फळ्यावर तुम्ही विषय लिहिलाय 'रिकामं घरटं आणि शेजार'. पहिल्याच शब्दाला माझी हरकत आहे. बहुतेक पक्षी घरटं बांधतात ते एका विणीपुरतं. पिल्लं उडाली की आई-बापही ते सोडून जातात. आम्ही कुठे गेलोय? त्याच तीन खोल्यांत आहोत आणि तिन्हींचं वीजबिल भरतोय.

दिवाळीत आमच्या बाल्कनीत आकाशकंदील लागला. लावला इलेक्ट्रिशियनने, पंखा दुरुस्त करायला आला होता तेव्हा. एरवी आम्ही तो त्रिपुरी पौर्णिमेला उतरवतो. यंदा यांचा गुडघा आणि माझी चक्कर. स्टुलावर चढणार कोण? राहिला तसाच. डिसेंबरच्या मध्यावर टाउनशिपच्या कमिटीतला एक तरुण खालूनच ओरडला, "आंटी, स्टार बहुत बढ़िया लगाया! इस बार आप भी क्रिसमस मना रहे हो!" मी वर पाहिलं. पाच टोकं होती खरी. मी हात हलवला आणि आत आले.

इंदूरच्या रामबागेतल्या वाड्यात होतो तेव्हा नाताळ म्हणजे शाळेची सुट्टी आणि तिळाच्या गजकाचा हंगाम, एवढंच. बायपासकडच्या टाउनशिपमध्ये आल्यापासून नाताळ हा कार्यक्रम झाला. वर्गणी सातशे रुपये, क्लबहाऊसमध्ये केक, सांता, लाल कपडे घालून या. सणाला माझा विरोध नाही. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे चित्ररथांना, अख्खं इंदूर आपणहून रस्त्यावर येतं, कोणी नावं टिपून घेत नाही. टाउनशिपमध्ये टिपून घेतात. वर यंदा दुसऱ्या गटाचा निरोप आला: त्याच दिवशी सकाळी सामूहिक तुळशीपूजन, अवश्य उपस्थित राहावे. आमच्या तुळशीचं लग्न कार्तिकातच लागलंय, तिला पुन्हा बोहल्यावर कशाला?

मला लागलं ते वेगळंच. लहान मुलांच्या आई-वडिलांनी भेटवस्तू आधीच वॉचमनकडे द्यायची, सांता ती वाटणार, अशी योजना होती. पुढची ओळ होती, "ज्यांच्या घरी मुलं नाहीत त्यांनी गार्ड आणि कामवाल्यांच्या मुलांसाठी एकेक गिफ्ट द्यावं." गिफ्ट द्यायला ना नाही, मी दोन दिली. पण मुलं नाहीत? दोन आहेत! चाळिशीची आहेत, एवढंच. आमच्या यांना तीन वर्षं सांता केलं, पांढऱ्या मिशा आयत्याच आहेत म्हणून. यांना ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू? गुडघ्यामुळे नाही म्हणाले तर लगेच विचारपूस सुरू झाली, काका उदास आहेत का, एकट्यांनी तर जास्त मिसळावं. म्हणजे गेलो तर रिकामटेकडे, नाही गेलो तर आजारी. बाल्कनीतला दिवा बंद ठेवायची मुभा तरण्या जोडप्याला आहे, म्हाताऱ्यांना नाही.

तीस वर्षं इतिहास शिकवलाय, त्यामुळे सनावळ्या तोंडातून आपोआप पडतात, सहन करा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६५९ मध्ये कायदा झाला: नाताळ साजरा करताना सापडलात तर पाच शिलिंग दंड. तिथल्या प्युरिटन, म्हणजे कडक ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना बायबलमध्ये या सणाला आधार दिसत नव्हता, आणि त्या निमित्ताने चालणारा पिण्याखाण्याचा धिंगाणा तर मुळीच नको होता. हा कायदा १६८१ मध्ये उठला. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. म्हणजे ख्रिस्ती शेजाऱ्यांनी ख्रिस्ती शेजाऱ्यांना 'साजरा करू नका' म्हणून दटावलंय, आणि आम्हाला सातशे रुपयांत 'साजरा करा' म्हणून दटावतात. काळाचा महिमा.

तरी एक कबूल करते. नाताळाची वाट आम्ही बघतो, आणि ती पोरांमुळे. मुलगा टोरांटोला आहे. तिथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी नाही. लक्ष्मीपूजनाला तो मीटिंगमधून मोबाइल उभा करून ठेवतो आणि आम्ही आरती आटोपती घेतो. मुलगी न्यूयॉर्कला. तिथल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा २०२३ मध्ये झाला, म्हणून नातवंडं घरी असतात, मुलगी कामावर. पंचवीस डिसेंबरला मात्र सगळं बंद. मग यायचं तेव्हाच, नाहीतर निवांत बोलायचं तरी तेव्हाच. तिकिटांचे भावही नेमके तेव्हाच आभाळाला. तर आमच्या घरची खरी भाऊबीज आता मार्गशीर्ष-पौषात होते. गेल्या खेपेला मुलगा आला तेव्हा मी जानेवारीत चकल्या तळल्या, आणि शेजारीण विचारते, "काकू, कोणाचं केळवण?"

गंमत बघा. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनची माणसं १८७७ मध्ये इंदुरात आली. त्यांनीच १८८७ मध्ये आपलं ख्रिश्चन कॉलेज काढलं, किशोरकुमार शिकला तेच. त्या पाद्र्यांच्या आयाही तिकडे पत्रांची वाट बघत बसल्या असतील. आता माझा मुलगा तिकडे आणि मी इकडे. आमच्यात साडेदहा तासांचं अंतर आहे, त्यांच्यात जहाजाचं होतं.

आता जे सांगायचं होतं त्यावर येते. आमच्या मजल्यावर शेवटच्या दाराशी एक मॅडम राहतात, निवृत्त परिचारिका. मूळच्या नगरच्या; आता अहिल्यानगर म्हणायचं, इंदूरकरांना ते जड जाऊ नये. मराठी ख्रिस्ती. यजमान गेले, दोन्ही मुलगे ऑस्ट्रेलियात. अख्ख्या टाउनशिपमध्ये ज्यांचा हा सण आहे ते हे एकच घर. कमिटीने त्यांच्याकडे काय मागितलं? कॅरोल म्हणा, आणि केकची रेसिपी द्या. त्यांच्या घरी केक होतच नाही, नाताळला करंज्या आणि शंकरपाळे होतात.

हे मला कसं कळलं? यंदा पहिल्यांदा गेले म्हणून. अकरा वर्षांत दर दिवाळीला त्या माझ्याकडे फराळाला आल्या. मी नाताळला एकदाही त्यांच्या दारात गेले नव्हते. क्लबहाऊसला तोंड दाखवून आलं की झाला आपला नाताळ, असं धरून चालले होते. तेव्हा वरची सगळी तक्रार मला स्वतःलाही लागू आहे, लिहून घ्या.

चोवीसच्या संध्याकाळी गेले. टीव्हीच्या कट्ट्यावर येशूच्या जन्माचा, गव्हाणीचा देखावा होता. तीन बाहुल्या आणि थोडं गवत, बस. आपलं लाल चर्च ज्या सेंट फ्रान्सिसच्या नावाने आहे ना, त्याने १२२३ मध्ये इटलीत ग्रेच्चो या गावी असा देखावा पहिल्यांदा मांडला, खरा बैल आणि खरं गाढव आणून. मॅडम म्हणाल्या, "मुलं होती तोवर हे आणि पोरं मिळून मोठी गव्हाण करायचे. गोठ्यातून कडबा आणायचे. माझ्या फरशीची वाट लागायची." मी म्हटलं, अहो, आमच्याकडे किल्ला व्हायचा. तीच फरशी, तीच वाट. गाय कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, मागे घर बदललं तेव्हा फुटली. पुन्हा आणून करायचं कोणासाठी?

मी घरी आले. माळ्यावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, किल्ल्यावरच्या चित्रांचा. खाली काढायचा तर स्टूल आलंच. शेवटी वॉचमनला बोलावलं. त्याने विचारलं, कंदीलही काढू का? मी म्हटलं, राहू दे, लोकांना आवडलाय. डब्यात दोन मावळे, बिनडोक्याची एक गवळण आणि एक गाय निघाली. एक शिंग तुटलेलं, पाठीवर मुलाने कधीतरी स्केचपेनने काढलेले ठिपके. ती पदराने पुसून घेऊन गेले.

मॅडमनी ती गवतात ठेवली. योसेफपेक्षा वीतभर उंच होती. जरा मागे सरकवली, तरी उंचच. मग त्यांनी बाळाला तिच्या पुढ्यात घेतलं आणि मला म्हणाल्या, "बसा, करंजी घ्या. ही खुसखुशीत झालीय का ते खरं सांगा, मुलगे फोनवर नुसते छान म्हणतात."

जरा मऊ पडली होती. तसं सांगितलं.