चिंतनवहीत काय लिहायचं? वर्गातलं तंत्रज्ञान आणि छात्राध्यापक

(मुंबईतल्या बी.एड.च्या छात्राध्यापकांसमोर आंतरवासितेआधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

छात्राध्यापक मित्रमैत्रिणींनो, एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४च्या नियमावलीमुळे बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेत घालवायचा काळ, म्हणजे आंतरवासिता, वीस आठवड्यांवर गेला. त्यातले सोळा आठवडे दुसऱ्या वर्षाचे. या काळात तंत्रज्ञान वापरून काही पाठ घ्यायचे असतात आणि प्रत्येक पाठानंतर चिंतन लिहायचं असतं. ही चिंतनं वाचायला घेतली की तीच तीन वाक्यं फिरून फिरून भेटतात: विद्यार्थ्यांनी पाठाचा आनंद घेतला, पीपीटीमुळे संकल्पना स्पष्ट झाली, पाठ प्रभावी झाला. या तीन वाक्यांवरून पुढच्या मंगळवारचा पाठ कसा बदलायचा, हे कुणालाही सांगता येणार नाही. म्हणून आज साधनांची यादी बाजूला ठेवू. कोणतंही साधन वापरलं तरी कुठल्या मिनिटाला विद्यार्थ्याचे डोळे, हात आणि पेन्सिल काय करत होते, हे पाहायला आणि लिहायला शिकू. त्यासाठी आधी यंत्रं नीट चालायला हवीत, म्हणून सुरुवात तिथून.

मुंबईतल्या कितीतरी शाळा दोन सत्रांत भरतात. तासिका ३५ मिनिटांची. आधीचे शिक्षक फळा पुसत असतात तेव्हा तुम्ही दारात. लॅपटॉप सुरू करणं, केबल जोडणं, चित्र पडद्यावर आणणं यात सहा-सात मिनिटं सहज जातात, म्हणजे तासिकेचा पाचवा हिस्सा. लॅपटॉप बंद करून आणू नका, झोपेत ठेवून आणा. विंडोजची खूण असलेली कळ आणि पी ही जोडी दाबली की पडदा निवडता येतो, ती बोटांना पाठ असू द्या. नवीन लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर त्यातून चित्र बाहेर जातंच असं नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि फायलींपुरते असतात. ॲडॉप्टर विकत घेण्याआधी हे तपासा. व्हीजीए केबल आवाज नेत नाही. एचडीएमआय नेते, पण तेव्हा लॅपटॉप आपला आवाज बंद करून तो प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे पाठवतो, आणि वर पंखे पूर्ण वेगात असले की तिसऱ्या बाकापलीकडे काही पोचत नाही. आवाजाच्या खुणेवर क्लिक करून कोणतं साधन बोलणार ते निवडता येतं. वेगळा स्पीकर जोडला असेल तर तो वर्गाच्या मध्यावर ठेवा. रुळालगतच्या शाळेत लोकल गेली की व्हिडिओतलं वाक्य हरवणारच. तिथे व्हिडिओ मुका ठेवून निवेदन स्वतः करणं जास्त बरं.

आता उजेड. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. स्लाइडवरचा काळा भाग म्हणजे त्या क्षणी भिंत जितकी उजळ असेल तितकाच उजळ. खिडकीतून ऊन येत असेल तर तो करडा दिसतो. म्हणून गडद निळ्या पार्श्वभूमीवरची पिवळी अक्षरं घरी देखणी वाटतात आणि वर्गात विरघळतात. पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवा. सगळे दिवे घालवू नका, मुलांना वहीत लिहायचं असतं. फळ्याजवळचा दिवा आणि फळ्याजवळची खिडकी एवढंच बंद करा.

अक्षरं किती मोठी हवीत याचं उत्तर आकड्यात देण्यापेक्षा घरच्या घरी करायची एक चाचणी सांगतो. वर्गात पडणाऱ्या चित्राची उंची १.२ मीटर आणि शेवटचा बाक ७ मीटरवर असेल, तर तो विद्यार्थी चित्राच्या उंचीच्या जवळजवळ सहा पट लांब बसलाय. १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची सुमारे १९ सेंटिमीटर. तेव्हा लॅपटॉपपासून सुमारे ११३ सेंटिमीटर मागे उभं राहा आणि स्लाइड वाचा. वाचता आलं नाही तर शेवटच्या बाकालाही येणार नाही. शाळेत प्रोजेक्टरऐवजी ६५ इंची पॅनल असेल तर त्याची उंची ८१ सेंटिमीटरच भरते. त्याच शेवटच्या बाकासाठी तुम्हाला सुमारे १७० सेंटिमीटर मागे जावं लागेल. पॅनल झगझगीत असतं, म्हणून सगळ्यांना दिसत असेल असं आपण धरून चालतो. उजेड पोचतो, अक्षर पोचत नाही.

देवनागरीचं आणखी एक दुखणं आहे. वेलांटी आणि रफार वर जातात, उकार आणि जोडाक्षरं खाली येतात, त्यामुळे ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. दीडपट ठेवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेली स्लाइड शाळेच्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण तिथे तो फाँटच नसतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. ॲनिमेशन जाईल, पाठ वाचेल.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल थोडक्यात. बालभारतीच्या पुस्तकांतले हे कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये उघडतात, आणि तिथला बराच मजकूर आधी डाउनलोड करता येतो. शाळेचं नेट चालेल या भरवशावर वर्गात स्कॅन करायला जाऊ नका. घरी उतरवा, पूर्ण पाहा, आणि कुठल्या सेकंदाला थांबवायचं ते पाठ टाचणात लिहा. चार मिनिटांच्या व्हिडिओत दोन थांबे पुरे. थांबा नसलेला व्हिडिओ म्हणजे शिक्षक गैरहजर असलेली चार मिनिटं.

यापुढे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण साधन व्यवस्थित चालूनही पाठ कुठे घसरतो ते आता येतं. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते, हा छात्राध्यापकांचा जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवरचा आवडता पाठ. तीन बिंदू घ्यायचे, त्रिकोण काढायचा, कोन मोजायचे, एक शिरोबिंदू ओढायचा आणि बेरीज बदलत नाही हे दाखवायचं. यात दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली, आतल्या कोनाच्या मापाऐवजी ३०० अंश असं काहीतरी दिसतं. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेनं मोजतं. तीन बिंदूंवर क्लिक करण्याचा क्रम चुकला की आतल्याऐवजी बाहेरचा, प्रविशाल कोन मिळतो. उपाय असा: त्रिकोण काढतानाच शिरोबिंदू घड्याळाच्या उलट दिशेनं घ्यायचे आणि कोनाचं साधन निवडून त्रिकोणाच्या आत क्लिक करायचं. तिन्ही आंतरकोन एकदम येतात.

दुसरी ठेच जास्त मोलाची. मापं पूर्ण अंशांत दिसावीत म्हणून दशांश स्थळं शून्यावर ठेवलीत आणि कोन ५९.४, ६०.४ आणि ६०.२ अंशांचे असतील, तर पडद्यावर ५९, ६० आणि ६० दिसतात. कुणीतरी बेरीज करतो आणि म्हणतो, ‘१७९ आले!’ बरेच छात्राध्यापक इथे गडबडतात आणि ‘संगणकाची चूक आहे’ म्हणून शिरोबिंदू दुसरीकडे ओढतात. दोन दशांश स्थळं ठेवली तरी कधी १७९.९९ तर कधी १८०.०१ येऊ शकतं. ते पूर्णांकनामुळे होतं, आणि हे त्या मुलालाच शोधून काढू द्यायला हवं. तिन्ही मापं एका दशांश स्थळापर्यंत दाखवा, बेरीज पुन्हा करायला सांगा आणि मगाशी एक अंश कुठे गेला असेल ते विचारा. शंभर त्रिकोण मोजले तरी सिद्धता होत नाही, समांतर रेषा काढून ती करावी लागते, हे सांगायची जागाही इथेच मिळते. चिंतनात हा प्रसंग ‘तांत्रिक अडचण’ या रकान्यात गेला तर पाठातला सर्वांत चांगला क्षण वाया गेला म्हणायचं.

विज्ञानाचं उदाहरण घेऊ. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या फेट प्रकल्पाची अनुरूपणं (पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, सिम्युलेशन) फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीत आहेत आणि फाइल उतरवून नेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाचं अनुरूपण घ्या. बॅटरी ९ व्होल्टची आणि दिवा १० ओहमचा ठेवला की विद्युतधारा ०.९ अँपिअर येते. आता दुसरा तसाच दिवा एकसर जोडायचा आहे. जोडण्याआधी हात माऊसवरून काढा आणि प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावा: बॅटरीजवळचा दिवा जास्त उजळेल, दोन्ही सारखेच पण मंद होतील, की दोन्ही पहिल्याइतकेच उजळतील? बरीच मुलं पहिला पर्याय निवडतात, कारण त्यांच्या मते पहिला दिवा वीज ‘खाऊन टाकतो’. मग जोडा. धारा ०.४५ अँपिअर, दोन्ही दिवे सारखे मंद, प्रत्येकाची शक्ती पहिल्याच्या एक चतुर्थांश. अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण या क्रमातला अंदाज गाळला की मुलं तेच दृश्य बघतात आणि ‘हो हो, तसंच असतं’ म्हणून पुढे जातात. लेखी अंदाज चुकलेला असतो, तेव्हाच ते अडतात.

यानंतर खरा परिपथ दाखवाच, पण तयारीनं. बाजारातले दोन टॉर्चचे दिवे दिसायला सारखे असले तरी त्यांचा रोध सारखा असेलच असं नाही. मग एकसर जोडणीत एक उजळतो आणि दुसरा जेमतेम लाल होतो, आणि मुलांचा चुकीचा अंदाज खरा ठरल्यासारखा दिसतो. आदल्या दिवशी आठ-दहा दिवे तपासून जुळणारी जोडी बाजूला काढा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत होल्डरचे धातूचे भाग गंजतात. सँडपेपरनं घासून घ्या.

इथे परिभाषेचंही भान हवं. अनुरूपणाच्या अनुवादातला शब्द आणि बालभारतीच्या पुस्तकातला शब्द वेगळा असू शकतो. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर तिसराच शब्द चालू असतो. एआयकडून मराठी कृतिपत्रिका करून घेणाऱ्यांनी जास्त जपावं. तिथे वस्तुमानाच्या जागी द्रव्यमान, उष्णतेच्या जागी ऊष्मा, प्रभाराच्या जागी आवेश असे हिंदी शब्द गुपचूप येऊन बसतात. छापण्याआधी पुस्तक शेजारी उघडं ठेवून प्रत्येक संज्ञा पडताळा, आणि उत्तरं स्वतः सोडवून बघा.

मुलांकडे फोन नाहीत, आणि नसावेतच. तरीही सगळ्या वर्गाचं उत्तर एकदम मिळवायचं असेल तर प्लिकर्सची कार्डं आहेत. प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं, ते चार दिशांनी धरता येतं, प्रत्येक दिशा म्हणजे एक पर्याय. तुम्ही एकाच फोननं वर्ग टिपायचा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटची चमक पडली की कार्ड वाचलं जात नाही. बोटं काळ्या आकृतीवर आली तरी तेच. खरी मेहनत मात्र प्रश्नात आहे. ०.६, ०.४५ आणि ०.१२५ यांतली मोठी संख्या कोणती, हा प्रश्न वरवर चांगला वाटतो. पण ‘जितके कमी अंक तितकी संख्या मोठी’ असं मानणारा मुलगाही ०.६ म्हणून बरोबर ठरतो. ०.३, ०.४५ आणि ०.१२५ विचारा. जास्त अंक म्हणजे मोठी असं मानणारा ०.१२५ निवडेल, कमी अंक म्हणजे मोठी मानणारा ०.३, आणि समजलेला ०.४५. तिन्ही गट वेगळे दिसतात. पुढे काय करायचं याचा एक उपयोगी अंदाज हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांच्या पद्धतीत आहे: बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्के असतील तर शेजाऱ्याशी चर्चा करायला लावून पुन्हा विचारा. पन्नासच्या वर्गात म्हणजे १५ ते ३५ मुलं. त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवा, जास्त असतील तर पुढे चला.

आता वहीकडे. चिंतन आठवणीवर लिहू नका, नोंदीवर लिहा. तुमचा सोबती शेवटच्या बाकावर बसेल. तो सहा मुलं आधीच निवडेल: दोन पुढची, दोन मधली, दोन मागची. दर दोन मिनिटांनी प्रत्येकासमोर एक अक्षर टाकायचं: पाहत असेल तर ‘पा’, लिहीत असेल तर ‘लि’, कामाबद्दल बोलत असेल तर ‘बो’, हातानं काही करत असेल तर ‘कृ’, बाकी सगळं ‘इ’. ३५ मिनिटांत १७ वेळा, म्हणजे १०२ अक्षरं. समजा त्यात ७० ‘पा’ निघाले. वर्ग शांत होता, मार्गदर्शकही खूश होते, पण मुलांनी दोन तृतीयांशांहून जास्त तासिका प्रेक्षक म्हणून काढली. मागच्या दोघांचे ‘इ’ एकाच सुमारास वाढत असतील तर त्या वेळी कोणती स्लाइड होती ते बघा. बहुधा अक्षर बारीक निघेल.

या तक्त्यावरून लिहिलेलं चिंतन असं काहीसं असेल: ‘१२व्या मिनिटाला व्हिडिओ थांबवून आकृती काढायला सांगितली. सहापैकी चौघांनी काढली, मागच्या दोघांनी शेजाऱ्याची पाहिली. व्हिडिओतली आकृती थांबवल्यावर अर्धवट दिसत होती. पुढच्या वेळी आकृती आधी फळ्यावर काढून ठेवायची.’ एवढं पुरे. पुढच्या पाठात एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. सूक्ष्म अध्यापनाच्या (एकेक कौशल्य छोट्या पाठातून सरावण्याच्या) ३६ मिनिटांच्या चक्रात पुनर्नियोजनाला सर्वांत जास्त, १२ मिनिटं दिलेली असतात. तंत्रज्ञानाच्या पाठालाही तितकाच वेळ लागतो.

फाइलीसाठी फोटो काढताना चेहरे येऊ देऊ नका, वह्या आणि हात टिपा. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती नसेल तर वर्गाचा व्हिडिओ स्टेटसला टाकू नका, आणि मुलांची नावं कुठल्याही ॲपमध्ये भरू नका. प्लिकर्समध्ये हजेरी क्रमांक चालतो.

शेवटी, भूमितीतल्या रचनांचे पाठ मात्र पडद्यावर घेऊ नका. कोनाचा दुभाजक काढताना कंपासचं टोक कागदावर किती दाबायचं आणि त्रिज्या न हलवता तो कसा फिरवायचा, हे ज्याच्या त्याच्या बोटांनाच कळावं लागतं. फळ्यावर लाकडी कंपास, बाकावर मुलांचे कंपास आणि तुम्ही रांगांमधून फिरताय, एवढंच त्या तासिकेला लागतं. मार्गदर्शकांनी तंत्रज्ञानाचा आग्रह धरलाच, तर फोन उलटा टांगून तुमचे हात मोठे करून दाखवा. एकदाच, दोन मिनिटं.