पिकअप बदलण्याआधी आणि बदलताना

मित्रहो, पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन वर्ष-दीड वर्ष झालं की बहुतेक मुलं दुरुस्तीच्या टेबलापाशी एकच प्रश्न घेऊन येतात. ‘सर, पिकअप बदलायचेत. कुठले घेऊ?’ मी उलट विचारतो, ‘आत्ताच्या आवाजात नेमकं काय खटकतंय?’ मग उत्तरं येतात. आवाज चोंदल्यासारखा येतो, गुणगुण फार आहे, सोलो वाजवताना बारीक तारा दबून जातात, सूर टिकत नाही. या तक्रारी खऱ्या असतात. त्यातल्या किती पिकअपच्या आहेत आणि किती नाहीत, हे आधी वेगळं करू आणि मगच पैशांचा विषय काढू. चांगल्या पिकअपचा संच स्वस्त गिटारच्या निम्म्या किमतीपर्यंत सहज जातो. विद्यार्थ्याच्या खिशाला ही रक्कम छोटी नाही.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, एवढंच. जॉर्ज बोशाम्प यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जी ‘फ्राइंग पॅन’ गिटार बनवली आणि जिचं पेटंट १९३७ मध्ये मिळालं, तिच्यातही तत्त्व हेच होतं. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः किंचित चुंबकीय होते. ती हलली की गुंडाळीतलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. म्हणूनच इलेक्ट्रिक गिटारवर नायलॉनच्या तारा लावल्या तर अँपमधून (अँप्लिफायरमधून) काही येत नाही. पिकअपला हवेतला आवाज ऐकू येत नसतो. त्याला फक्त पोलादासारख्या, चुंबकाला चिकटणाऱ्या धातूची हालचाल कळते.

आता ही समोरची गिटार बघा. स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची, नवशिक्यांसाठीची. तारा सैल केल्या, पिकगार्डचे (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे) स्क्रू काढले आणि पिकगार्ड उलटं केलं. पिकअपच्या पोटाला चिकटवलेली ही राखाडी आडवी पट्टी म्हणजे सिरॅमिक चुंबक. वरून जे सहा गोल ठिपके दिसतात ते चुंबक नाहीत, साध्या पोलादाच्या खुंट्या आहेत. खालच्या पट्टीचं चुंबकत्व त्या वर तारांपर्यंत नेतात. लिओ फेंडरच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मात्र हे सहाही दांडे स्वतः अल्निकोचे चुंबक होते. अल्निको म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला धातू. आजही स्क्वायर या फेंडरच्या स्वस्त ब्रँडच्याच घरात हा भेद दिसतो. ॲफिनिटी मालिकेत सिरॅमिक, क्लासिक व्हाइबमध्ये अल्निको.

यावरून ‘सिरॅमिक म्हणजे भंगार’ असा निष्कर्ष फार लोक काढतात. मला तो अजिबात मान्य नाही. लॅरी डिमार्झिओ यांचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप १९७२ मध्ये आला आणि मूळ पिकअप काढून दुसरा बसवायचा हा व्यवसायच तिथून उभा राहिला. त्या पिकअपमध्ये सिरॅमिकच चुंबक आहे. फरक पडतो तो गुंडाळीच्या आत काय बसवलंय त्यामुळे. पोलादी खुंट्यांमुळे गुंडाळीचा इंडक्टन्स (बदलत्या विजेला विरोध करण्याचा गुण) वाढतो. शिवाय पोलादात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरतात आणि उंच सुरांतली चमक खातात. आवाज थोडा जाड आणि थोडा बोथट होतो. कुणाला तो आवडतोही. रॉक रिदम वाजवणाऱ्याला क्वचित त्याची अडचण होते. स्वच्छ, घंटेसारखा टोन हवा असणाऱ्याला मात्र तो नक्की बोचतो.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. पिकअप एकटा वाजत नाही. गुंडाळी, व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा, फिरवून बदलता येणारा रोध), टोनचा कपॅसिटर आणि अँपपर्यंतची केबल हे सगळं मिळून एक सर्किट आहे, आणि आपण ऐकतो तो त्या सर्किटचा आवाज. प्रत्येक पिकअपची एक जागा, म्हणजे एक वारंवारता असते जिथे तो सगळ्यात जोरात बोलतो. तो त्याचा उंचवटा. ती जागा इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स (विजेचा साठा करण्याचा गुण) मिळून ठरवतात. साध्या सिंगल कॉइलचा (एकाच गुंडाळीच्या पिकअपचा) इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या आसपास धरा. केबलचा कपॅसिटन्स मीटरमागे साधारण १०० पिकोफॅराड असतो. ३ मीटरची केबल लावली तर तो उंचवटा ५००० हर्ट्झच्या जवळ येतो. तीच केबल ६ मीटरची केली की तो ३८०० च्या आसपास उतरतो. पिकअपला हातही न लावता आवाज बोथट झाला! तेव्हा चोंदलेल्या आवाजाची तक्रार असेल तर आधी मित्राची चांगली, आखूड केबल लावून ऐका.

पॉटचंही तसंच आहे. सिंगल कॉइलला साधारणपणे २५० किलोओहमचा पॉट लावतात, हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ५०० चा. हंबकरच्या गिटारमध्ये कारखान्यातूनच २५० चा पॉट आला असेल तर नुसता पॉट बदलून आवाज उघडतो. शिवाय स्वस्त गिटारमध्ये व्हॉल्यूमला बऱ्याचदा ‘बी’ म्हणजे सरळ चढणीचा पॉट असतो. नॉब १० वरून ४ पर्यंत फिरवला तरी फारसं काही होत नाही आणि मग एकदम आवाज पडतो. तिथे ‘ए’ म्हणजे कानाला सारखी चढण वाटणारा पॉट बसवा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, कुठेही मिळेल. गिटारसाठी बनवलेले मोठे पॉट घेणार असाल तर छिद्र मोजून घ्या. त्यांना साडेनऊ मिलिमीटरचं छिद्र लागतं, आयात केलेल्या छोट्या पॉटचं त्याहून लहान असतं. जुना नॉबही बसत नाही, कारण छोट्या पॉटच्या दांड्यावर १८ दाते असतात आणि मोठ्यावर २४.

आता उंचीकडे येतो. आजच्या सगळ्या बोलण्यातलं एवढं एकच घरी घेऊन गेलात तरी मला समाधान आहे. पिकअपच्या दोन्ही टोकांचे स्क्रू फिरवले की तो वर-खाली होतो. बहुतेक मुलांनी या स्क्रूंना कधी हातच लावलेला नसतो. कारखान्यातून गिटार निघते तेव्हा तिन्ही पिकअप कुठल्याही उंचीवर असू शकतात. पद्धत अशी. जाड सहावी तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या शेवटच्या धातूच्या पट्टीवर) दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून खुंटीच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. स्ट्रॅट जातीच्या पिकअपला या बाजूने साधारण २ मिलिमीटर आणि बारीक तारेकडून १.६ मिलिमीटर ही सुरुवात समजा. पुढे कान लावून पाव-पाव फेरा फिरवत जा. पिकअप जवळ आणला की आवाज मोठा आणि धारदार होतो. लांब नेला की तो मऊ होतो आणि सुरांत मोकळेपणा येतो. सोलोत बारीक तारा दबत असतील तर त्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा वर घ्या. कित्येक तक्रारी इथेच मिटतात.

पिकअप फार जवळ आणू नका, विशेषतः अल्निको दांड्यांचा. दांड्यांचं चुंबकत्व तारेला ओढतं. सूर लवकर विझतो, वरच्या फ्रेटवर जाड तार एकाच वेळी दोन सुरांत वाजल्यासारखी लहरते आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) जुळतच नाही. गिटारवर राग वाजवणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण त्यांचं सगळं लांब सुरांवर आणि मींडेवर चालतं. त्यांच्यासाठी आणखी एक सांगतो. तार आडवी ओढून मींड घेताना ती दोन खुंट्यांच्या मधल्या जागेवर येते आणि काही पिकअपमध्ये तिथे आवाज किंचित बसतो. खुंट्यांऐवजी सलग पोलादी पाती असलेला पिकअप घेतला तर ही अडचण येत नाही. त्यांच्यासाठी पिकअप बदलायला हे मी सबळ कारण म्हणेन.

गुणगुणीबद्दल थोडक्यात. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. सिंगल कॉइल त्या चुंबकीय लहरी पकडणारच, ती त्याची जातच आहे. गिब्सनचे सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट्या गुंडाळ्यांचा हंबकर पेटंटसाठी दाखल केला तो याच त्रासापायी. गिटारच्या पोटात तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थच्या तारेला जोडली की ट्यूबलाइट आणि चार्जरची खरखर कमी होते. मूळ गुणगुण मात्र राहते, कारण तांब्याची पातळ पट्टी ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. नवीन सिंगल कॉइलचा संच घेताना मधला पिकअप उलट्या गुंडाळीचा आणि उलट्या ध्रुवांचा आहे ना ते विचारा. मग पाच जागांच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, जिथे मधला पिकअप शेजारच्याबरोबर वाजतो, गुणगुण बंद होते. आणि कळकळीने सांगतो, गुणगुण कमी होते म्हणून अँपच्या प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका, दोन पिनांचं अडॅप्टरही लावू नका. गिटारच्या तारा आणि अँपची चेसी (धातूचा सांगाडा) एकमेकांना जोडलेल्या असतात. अर्थ नसलेल्या अँपमध्ये दोष झाला आणि तुम्ही त्याच वेळी ओठ माइकला लावले तर जिवावर बेतू शकतं. सोसायटीतल्या गणपतीच्या मांडवात तर आधी प्लग पाहा, मग ट्यूनिंग करा.

हे सगळं करूनही समाधान होत नसेल तर पिकअप जरूर बदला. मी त्याच्या विरोधात नाही. चांगला पिकअप बसवल्यावर वाजवणाऱ्याचा चेहरा उजळतो ते मी पाहिलंय. पण अँपचा गेन (आवाजाची वाढ) वाढवला की पिकअप किंचाळत असेल आणि पिकगार्डवर टिचकी मारली तरी अँपमधून ऐकू येत असेल, तर त्याची गुंडाळी आत सैल आहे. अशा पिकअपला मेणात बुडवून वाचवता येतं. पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण मिसळतात आणि तापमान ६५ अंशांच्या आसपास ठेवतात. त्यावर गेलं तर स्वस्त प्लॅस्टिकचा सांगाडा वाकतो. हे काम उघड्या ज्योतीवर करू नका, गरम पाण्याच्या भांड्यात मेणाचं भांडं ठेवून करा.

बदलायचाच तर सुरुवातीला एकच बदला. डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाटवलेल्या आवाजात) मुख्य काम ब्रिजचा, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या बाजूचा पिकअप करतो, म्हणून सहसा तोच. ‘किती किलोओहम?’ एवढंच विचारून खरेदी करू नका. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तारेचे ८००० च्या आसपास वेढे असतात आणि रोध ६ किलोओहमच्या जवळ येतो. पण तार आणखी बारीक घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत आकडा वाढतो, म्हणजे आकडा मोठा दिसला तरी पिकअप जोरकस असेलच असं नाही. खुंट्यांमधलं अंतर मात्र मोजा. हंबकरमध्ये पहिल्या खुंटीपासून सहाव्यापर्यंत ४९ मिलिमीटरच्या आसपासचा एक प्रकार आहे आणि ५२-५३ चा दुसरा. स्ट्रॅट जातीच्या ब्रिजपाशी दुसरा लागतो. बॉडीची खोलीही पाहा. काही स्वस्त गिटारींची बॉडी नेहमीच्या ४५ मिलिमीटरपेक्षा पातळ असते आणि उंच दांड्यांचा पिकअप तळाला टेकतो.

गिटार उघडण्याआधी मल्टिमीटरने एक तपासणी करा. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मीटर २० किलोओहमवर ठेवा. केबलच्या मोकळ्या प्लगच्या टोकावर एक प्रोब आणि त्याच्या दांड्यावर दुसरा टेकवा. आता स्विच फिरवा. या गिटारमध्ये पहिल्या जागी ५.९ दाखवतोय, दुसऱ्या जागी जवळजवळ निम्मं, कारण तिथे दोन पिकअप समांतर जोडले जातात. एखाद्या जागी काहीच आकडा आला नाही आणि मोठ्या रेंजवर २५० किलोओहमच्या आसपास दिसला, तर तो पिकअप तुटलाय आणि मीटर फक्त पॉट मोजतोय. हे आकडे वहीत लिहून ठेवा.

जोडताना रंगांवर आंधळा विश्वास नको. सेमूर डंकन कंपनीच्या चार तारांच्या हंबकरमध्ये काळी तार सिग्नलची, हिरवी अर्थची, लाल-पांढरी एकत्र. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी अर्थची, काळी-पांढरी एकत्र. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला तर आवाज पातळ येईल किंवा येणारच नाही. वेगळ्या कंपनीचा पिकअप जुन्यांच्या जोडीला बसवताना फेज, म्हणजे सगळ्यांचा सिग्नल एकाच दिशेचा आहे का ते तपासा. मीटरला जोडून खुंटीवर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन वर उचला. आकडा क्षणभर अधिक होतो की उणे, ते बघा. सगळ्या पिकअपचं उत्तर सारखं यायला हवं. वेगळं आलं तर त्या पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करा. पिकअपवर धातूचं झाकण असेल तर ते आधी अर्थच्या तारेपासून वेगळं करून त्याला स्वतंत्र अर्थ द्या, नाहीतर झाकणच सिग्नलला जोडलं जाईल.

सोल्डरिंगला ६०-४० ची रोझिन भरलेली तार आणि ४० वॅटपर्यंतचा आयर्न पुरतो. पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासा. आयर्न पाठीवर टेकवा आणि सोल्डर आयर्नला न लावता पाठीला लावा. ते चकचकीत पसरलं तर सांधा चांगला. राखाडी गोळी बसली तर पुन्हा करा. चार-पाच सेकंदांत जमलं नाही तर थांबा, पॉट थंड होऊ द्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पॉट खरखरतो तेव्हा आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा, दमट हवेत तो लवकर खराब होतो.

जुने पिकअप फेकू नका. तारा मुळापासून न कापता सोल्डर सोडवून काढा, कागदात गुंडाळून कुठल्या जागेचा कुठला ते लिहा आणि गिटारच्या केसमध्ये ठेवा. नव्या पिकअपची उंची आजच्या आज लावा आणि नव्या तारा चढवल्यावर पुन्हा एकदा लावा. बरोबर आणलेल्या गिटारी आता टेबलावर घ्या, प्रत्येकीचे आकडे मोजूनच घरी जाऊ.