घरात बसलेल्या आजोबांना ऊन कसं लागतं?

नमस्कार मंडळी. एप्रिल लागला की आपण घरातल्या वयस्कर माणसांना एकच गोष्ट बजावतो, "बाबा, दुपारी बाहेर पडू नका." ते बिचारे ऐकतातही. आणि तरी विदर्भात उष्माघाताने अशी माणसं दवाखान्यात येतात, ज्यांनी दिवसभर उंबरठाही ओलांडलेला नसतो. घरात बसून ऊन लागतं कसं, आणि आपण काय करायचं, यावरच आज बोलू या.

शेतात किंवा रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या माणसाला उष्माघात काही तासांत गाठतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तो दोन-तीन दिवस हळूहळू साचत जातो. वरच्या मजल्यावरची खोली डोळ्यांसमोर आणा. स्लॅब दिवसभर तापलेला, रात्री बारा वाजताही भिंतीला हात लावला तर गरम. शरीराला निवायला रात्रच मिळत नाही. त्यात वयामुळे घाम कमी येतो. अंगातली उष्णता कातडीपर्यंत आणून बाहेर टाकायची तर हृदयाला जोर लावावा लागतो, आणि तेही थकलेलं असतं. या सगळ्यावर कडी म्हणजे तहान कमी लागते. शरीरात पाणी कमी पडलेलं असतं, पण घसा मागतच नाही.

म्हणून "पाणी प्यायलात का?" या प्रश्नाला काही अर्थ नाही. "हो, मघाशीच प्यायलो," हेच उत्तर येणार, आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटत असतं. तेव्हा विचारू नका, मोजा. ही बघा एक लिटरची साधी बाटली. हिच्यावर मी मार्करने तीन रेघा ओढल्यात: सकाळी दहा, दुपारी एक, दुपारी चार. पलंगाशेजारी स्टुलावर ठेवायची, हात पोचेल अशी. चारच्या रेघेपर्यंत रिकामी झाली की पुन्हा भरायची. ताक, पन्हं, वरणाचं पाणी, कलिंगड हे शिवाय. मात्र हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर त्यांचंच माप पाळायचं. किडनीच्या रुग्णाने नारळपाणीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

आता एक गोष्ट, जी आजी-आजोबा आपल्याला कधी सांगणार नाहीत. पुष्कळ जण मुद्दाम पाणी टाळतात. गुडघे दुखतात, संडास-बाथरूम लांब, रात्री उठताना पडायची भीती. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा संध्याकाळनंतर घोटभरसुद्धा घेत नाहीत. लग्नसराईत आजी मांडवात सकाळपासून कोरड्या बसतात, कारण तिथलं बाथरूम कुठे आणि कसं असेल याची खात्री नसते. अशा वेळी "पाणी प्या, पाणी प्या" म्हणून मागे लागण्यापेक्षा पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा लावा, धरायला दांडी बसवा, कमोडची खुर्ची आणा. पाणी आपोआप वाढेल. मला विचाराल तर ही सोय कूलरइतकीच महत्त्वाची आहे.

औषधांचं बघू. बीपीसाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी जी लघवी वाढवणारी गोळी असते, ती शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर टाकते. बीपीच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची आणि झोपेची काही औषधं यांच्यामुळेही उष्णता सोसायची ताकद कमी होते. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. पण मार्चमध्येच सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि उन्हाळ्यात डोस बदलायचा का, एवढं विचारा. उठल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येत असेल तर तेही सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी न उघडलेली बाटली फ्रीजच्या दारात किंवा बर्फाच्या खणात न ठेवता मधल्या कप्प्यात ठेवावी. वीज सारखी जात असेल, तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, पिशवीत बांधून ठेवलेली चालते.

ओआरएसचं पाकीट घेताना त्यावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय का ते वाचा. ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं वेगळी, त्यांत साखर फार. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचं, अर्धं पाकीट ग्लासात टाकायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपी किंवा शुगर असेल तर हे रोजचं सरबत म्हणून पिऊ नका, गरज पडली तरच.

कूलरबद्दल थोडं. खोली गच्च बंद करून कूलर लावला की तासाभरात दमट होते आणि घाम वाळत नाही. समोरची खिडकी थोडी उघडी हवीच. मुंबई, कोकण, गोव्याकडे हवाच दमट, तिथे कूलरचा फारसा उपयोग नाही. किनारपट्टीच्या लोकांना वाटतं, आपल्याकडे कुठे 45 अंश होतं? पण 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात भर दुपारच्या कार्यक्रमात 14 माणसं गेली. हवामान खातंसुद्धा किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा निकष 37 अंशांपासून धरतं, मैदानी भागात 40 पासून. वीज गेली, तर ओल्या पंचाने हात, पाय, मान पुसत राहा आणि वारा घाला. खिशातला कांदा असू द्या, पण त्याच्या भरवशावर उन्हात पाठवू नका.

धोका ओळखायचा कसा? कातडीचा चिमटा काढून बघतात, पण म्हातारपणी कातडी तशीही सैल असते, त्यावरून काही कळत नाही. जीभ बघा, कोरडी आहे का. लघवी गडद आणि थोडी होतेय का. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे वागणं बदलतं. बोलणं अडखळतं, नेहमीचं माणूस ओळखू येत नाही, चिडचिड होते, नाहीतर नुसतं झोपून राहतात. "वयामुळे होतंय" म्हणून सोडून देऊ नका. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध, ताप 104 च्या आसपास किंवा वर, की लगेच 108 ला फोन. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडा, पंखा लावा, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

ऑगस्ट 2003 मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे 15,000 माणसं दगावली. बहुतेक 75 च्या पुढची, आणि कितीतरी जण घरात एकटे होते, घरचे सुट्टीवर गेले होते. त्यानंतर तिथल्या नगरपालिका एकट्या वृद्धांची यादी ठेवतात आणि लाट आली की त्यांना फोन करून विचारपूस करतात.

आपल्याकडे ती यादी आपणच व्हायची. मुलं पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत आणि आई-बाबा अमरावतीत, असं आता घरोघरी आहे. उन्हाळाभर फोन दुपारी चारच्या सुमारास करा, घर सगळ्यात तापलेलं असतं तेव्हा, आणि व्हिडिओवरच करा. बाटली दाखवायला सांगा. दोन मिनिटं इकडचं-तिकडचं बोला, जेवायला काय केलं होतं, कोण आलं होतं, म्हणजे बोलणं नीट जुळतंय का ते कळेल. फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी शेजारच्या काकूंना लावा. त्यासाठी त्यांचा नंबर आजच घ्या, आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवायला सांगा.