शिशाची बॅटरी भरून ठेवा, लिथियमची अर्धी

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस तोंडावर आला की माळ्यावरची इमर्जन्सी लाईट खाली उतरते. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांनी दिवसच्या दिवस विजेविना काढले, त्यामुळं सांगलीकरांना या लाईटची किंमत वेगळी सांगायला नको. पण बटण दाबावं तर दहा मिनिटं उजेड आणि मग नुसती मिणमिण. "बॅटरी गेली," असं आपण म्हणतो. वर्षभरात ती चार वेळासुद्धा पेटवलेली नसते. म्हणजे ती वापरून गेली नाही, ठेवायच्या पद्धतीनं गेली.

घरातल्या सगळ्या बॅटऱ्यांना एकच नियम लावला की हे असं होतं. म्हणून आधी जात ओळखा. बॅटरीवर ४, ६ किंवा १२ व्होल्ट लिहिलंय आणि ती आकाराच्या मानानं जड लागते, तर ती शिशाची. बऱ्याच इमर्जन्सी लाईट, पाठीवरचे फवारणी पंप आणि इन्व्हर्टर यांत हीच असते. ३.७, ७.४ किंवा १२.८ व्होल्ट लिहिलं असेल तर लिथियम. मोबाईल, डोक्याला बांधायची टॉर्च आणि हल्लीचे काही पंप या जातीत येतात. १.२ किंवा २.४ असेल तर निकेलची. जुने ट्रिमर आणि कॉर्डलेस फोन यांत ती सापडते.

शिशाच्या बॅटरीला उपास सोसत नाही. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचा बारीक, मऊ थर बसतो. लगेच चार्जिंगला लावली तर तो थर विरघळून जातो. तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे बनतात, आणि मग कुठलाही चार्जर लावा, ते पुरते निघत नाहीत.

फवारणी पंपाचं बघा. त्यात बहुतेक १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. सप्टेंबरात सोयाबीनची शेवटची फवारणी झाली, टाकी धुतली आणि पंप शेडात गेला. बॅटरी मात्र उतरलेलीच राहिली. जूनमध्ये चार्जिंगला लावला की अर्ध्या तासात चार्जरचा हिरवा दिवा लागतो. माणूस खूश होतो, लवकर भरली म्हणून. खरं तर ते वाईट लक्षण आहे. खडे बसलेल्या प्लेटांत वीज मावत नाही, व्होल्टेज पटकन चढतं आणि चार्जर फसतो. धड बॅटरी रिकामी असेल तर एक अँपिअरच्या चार्जरला ती भरायला दहा तासांच्या आसपास लागतात. मधे लाईट गेली तर तेवढे तास पुढं वाढवून धरा.

तेव्हा फवारून आलात की त्याच दिवशी पंप चार्जिंगला लावा. हंगाम संपला की पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्याला एकदा पुन्हा भरा. चार्जर काढल्यावर चार-पाच तासांनी मल्टिमीटर लावून बघा: १२.७ व्होल्टच्या आसपास दिसलं की भरलेली, १२.४ च्या खाली गेलं की चार्जिंगची वेळ झाली. फवारताना मोटरचा आवाज बसला आणि नोझलचा फवारा पडला की तिथंच थांबा. उरलेली अर्धी टाकी ओढून संपवायच्या नादात बॅटरीचं आयुष्य फार लवकर सरतं.

दुसरं टोकही तितकंच वाईट. स्वस्त इमर्जन्सी लाईटच्या चार्जिंगमध्ये कट-ऑफ, म्हणजे भरली की चार्जिंग आपोआप थांबवायची सोय, नसते. ती महिनोन्‌महिने बोर्डाला लावून ठेवली की आतलं पाणी उडत जातं, प्लेटा सुकतात, डबी फुगते. पाठीमागं तळहात लावून बघा. कोमट लागली तर चालेल. चटका बसत असेल तर काढा. खोक्यावर जितके तास लिहिलेत तितकेच चार्ज करा.

लिथियमचं उलट आहे. तिला तुडुंब भरून गरम जागी ठेवणं सोसत नाही. ३.७ व्होल्टचा सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरला की आतल्या रसायनांवर ताण येतो आणि उष्णतेनं तो झपाट्यानं वाढतो. म्हणून उशीखाली मोबाईल चार्ज करू नका. जत-आटपाडीच्या उन्हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवणंही टाळा. वीस टक्क्यांवर लावा, ऐंशीवर काढा. दिवसातून दोनदा थोडं थोडं केलं तरी काही बिघडत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा असेल तर ती चालू करा. महिन्यातून एकदा पूर्ण उतरवायची सवय जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातली. लिथियमला तिचा उपयोग नाही.

रात्री उसाला दारं धरायला जाणाऱ्यांनी टॉर्च संध्याकाळी पूर्ण भरून घ्यावी, त्यात वावगं काही नाही. कामाला लागते तेव्हा भरायचीच. काही महिने पडून राहणार असेल तर निम्मी भरून सावलीत ठेवा. पूर्ण उतरलेली ठेवलीत तर व्होल्टेज इतकं खाली जातं की आतलं संरक्षक सर्किट पुन्हा चार्जच घेत नाही.

निकेलच्या ट्रिमरला एकच सांगणं: डब्यावरचे तास पाळा, आठवडाभर लावून ठेवू नका.

आणि चार्जरांची अदलाबदल टाळा. गोल पिन सारखीच असते, पण एक ६ व्होल्टचा, दुसरा १२ चा. आजच खडूनं किंवा मार्करनं प्रत्येक चार्जरवर वस्तूचं नाव लिहून टाका.

लिथियमची बॅटरी फुगली असेल तर टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. कोरड्या वाळूच्या बादलीत, घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. घंटागाडीत टाकू नका. शिशाची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात परत द्या, मोडीचे पैसे वळते होतात. घरी फोडून शिसं काढायचा प्रयत्न मात्र अजिबात नको. आतलं ॲसिड डोळ्याला इजा करतं आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते.

नमस्कार.